टाकीतले ठोके

आभाळातली धूळ मोजण्याचा पगार मिळतो, हे पिगट्स नेक गावात कुणाला पटवून देण्याच्या भानगडीत लोरीन इन्सली कधी पडली नाही. गावातली माणसं चेसापीकच्या खाडीतून कालवं काढायची. कालवं टोपलीत भरता येतात, लोण्यात परतून खाता येतात. धुळीचं काय करणार? 'ऑफिसात गणितं करते,' एवढंच ती सांगायची, आणि लोकही जास्त खोलात जायचे नाहीत.

काम तसं सरळ होतं. बासष्ट सालच्या ऑगस्टमध्ये एक उपग्रह वर गेला होता. दिसायला ढोलासारखा, अंगावर पातळ पत्रे, आणि प्रत्येक पत्र्याच्या पाठीला स्फटिकाचा एक कान चिकटवलेला. पिठाच्या कणाएवढा दगड जरी पत्र्यावर आदळला तरी कानाला ठोका ऐकू यायचा. तो ठोका खाली पोचला की ऑफिसातल्या यंत्राची लेखणी कागदाच्या लांबलचक पट्टीवर एक दात काढायची. लोरीन भिंगातून ते दात मोजायची आणि लाल पेन्सिलीने खुणा करायची. उद्या माणूस बसवून यान पाठवायचं तर त्याची भिंत किती जाड हवी, ते या दातांवरून ठरणार होतं.

विभागाचे प्रमुख डॉक्टर लेलँड स्टॅन्सिल साठीला टेकले होते. पृथ्वीभोवती धुळीचं दाट पांघरूण आहे, हे त्यांचं वीस वर्षांपासूनचं मत. आता उपग्रहाने ते सिद्धच केलं म्हणून स्वारी खुशीत असायची.

"अकरा आठवड्यांत एकेचाळीस हजार ठोके, लोरीन! आपण सगळे वाळूच्या वादळात बसलोय आणि कुणाला पत्ता नाही."

"आणि डबे, डॉक्टर?" लोरीन विचारायची.

त्याच उपग्रहावर वायू भरलेले चाळीस डबेही होते. कणाने भोक पाडलं की वायू निघून जाणार आणि डबा तसं कळवणार. अकरा आठवड्यांत एकाही डब्याने हूं की चूं केलं नव्हतं.

"डबे आळशी आहेत," डॉक्टर म्हणायचे. डब्यांचा विषय त्यांना नको असायचा, आणि साहेबाला नको तो विषय ऑफिसात कुणालाच नको असतो.

लोरीनलाही तो नको होता. नोव्हेंबर उजाडला तसं तिचं सगळं लक्ष एका शुक्रवारकडे लागलं होतं. त्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता तिला न्यायाधीशासमोर उभं राहून शपथेवर एक वाक्य बोलायचं होतं: माझा नवरा एल्वुड इन्सली खाडीत नाहीसा झाला त्याला सात वर्षं झाली, आणि या सात वर्षांत त्याची मला कसलीही खबर, कसलीही खूण मिळालेली नाही. तेवढं वाक्य बोललं की कायद्याने एल्वुड मेला आणि लोरीन मोकळी झाली. मग पुढच्या महिन्यात तिचं हार्लन ट्रूइटशी लग्न. हार्लन होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पहिली बायको जाऊन त्याला चार वर्षं झाली होती, आणि नखातलं काळं तेल लपवायला तो लोरीनशी बोलताना हात खिशात घालायचा. तिला त्याचं ते फार आवडायचं. तिला हे लग्न हवं होतं. चाळिशीत पुन्हा कुणाची वाट न बघता जेवायला बसायचं होतं.

शुक्रवारला आठ दिवस उरले असताना तिला पट्टीवर तो ठोका दिसला.

दोन दात जवळजवळ. मग थोडं अंतर ठेवून एक. मग पुन्हा अंतर, आणि लागोपाठ तीन.

लोरीनची पेन्सिल तिथेच थांबली. दोन, एक, तीन. हा इन्सलींच्या घरचा ठोका होता.

पिगट्स नेकमध्ये दर घराला आपला ठोका असतो. धुकं उतरलं की खाडीतला माणूस इंजिन बंद करतो आणि मोगरीने होडीच्या काठावर आपल्या घरचा ठोका वाजवायला लागतो. धक्क्यावर त्याच्या घरची बाई टिनाचं घंगाळ उपडं घालून तोच ठोका परत वाजवते. त्या आवाजाच्या रोखाने होडी वळते आणि खडक चुकवून आपल्या धक्क्याला लागते. मात्र दुसऱ्याच्या घरच्या ठोक्याला उत्तर द्यायचं नाही. प्रत्येक धक्क्याची वाट वेगळी. भलत्याच धक्क्यावरून उत्तर गेलं तर माणूस थेट खडकावर जायचा. या एका बाबतीत पिगट्स नेकचे लोक देवालाही सूट देत नाहीत.

सात वर्षांपूर्वी त्या सकाळी धुक्यातून पाऊण तास दोन, एक, तीन वाजत होतं. अख्ख्या गावाने ऐकलं. एल्वुडची आई (गाव तिला मानाने मिस झिल्फा म्हणायचं) कंबर मोडून इस्पितळात पडली होती आणि लोरीन ऑफिसात होती, तेव्हा विमानांच्या चाचण्यांच्या पट्ट्या मोजत. कुणीतरी दुकानातून ऑफिसला फोन केला. पण मोजणाऱ्या बाईला मधे हाक मारायची नाही, हा तिथला नियम. एक आकडा हुकला की सकाळ वाया जाते. शिपायाने चिठ्ठी टेबलाच्या कडेला ठेवली. लोरीनने ती पाहिलीसुद्धा. पट्टी संपली की वाचू, असं मनाशी म्हणाली आणि मोजत राहिली. ती गावात पोचली तेव्हा धुकं विरलं होतं, खाडी स्वच्छ दिसत होती आणि तिच्यावर काहीही नव्हतं. फळी नाही, टोपी नाही.

ही चिठ्ठीची गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. हार्लनलाही नाही.

आता तिने भिंग पुसलं आणि पट्टी पुन्हा पाहिली. योगायोग असेल म्हणून आधीच्या पट्ट्या काढल्या. संध्याकाळी पाचपर्यंत तिला तो ठोका एकोणीस वेळा सापडला. अंतरं तिने पट्टी लावून मोजली. प्रत्येक वेळी तीच, केसाचाही फरक नाही. कागदावर तिच्या ओल्या बोटांचे डाग पडले.

तिने ते गुपचूप ठेवलं असतं. पण अठरा वर्षं आकड्यांत काढलेली बाई. घाबरली तरी तक्ता मांडल्याशिवाय राहवेना. सोमवारी तक्ता पुरा झाला आणि त्यातून भलतंच निघालं. तो ठोका, आणि त्याच्या आजूबाजूचे बाकीचे हजारो ठोके, उपग्रह उन्हातून पृथ्वीच्या सावलीत शिरला की सुरू व्हायचे. धुळीला ऊन-सावली कशी कळेल?

एल्वुडचं नाव न काढता तिने तक्ता डॉक्टरांपुढे ठेवला.

डॉक्टर आधी हसले, मग चिडले. "तुम्ही दात मोजा, अर्थ लावायला आम्ही आहोत," असं टाकून बोलले. मग तक्ता पुन्हा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पत्रा गार होतो," ते हळूच म्हणाले. "स्फटिक गार होतो. आकसतो. लोरीन, तुम्हाला काय म्हणायचंय, ते कान स्वतःचंच कुरकुरणं ऐकतायत?"

"मला काही म्हणायचं नाही, डॉक्टर. तक्ता म्हणतोय."

"उपग्रहावरच्या पत्र्यांच्या जोडीचा एक पत्रा, कानासकट, गोदामात पडलाय," डॉक्टर म्हणाले. "टाकीत घालून बघू. आत हवा नसेल, धूळ नसेल, चिटपाखरू नसेल. तरी ठोके आले तर..."

टाकी म्हणजे गाडी मावेल एवढं पोलादी पिंप. बुधवारी सकाळी पत्रा आत टांगला, दाराचे बोल्ट आवळले आणि पंप लावून आतली हवा काढली. दहा वाजता टाकीच्या भिंतीतल्या नळ्यांतून थंड वायू फिरवायला सुरुवात झाली. बाहेर लख्ख ऊन होतं. खोलीत दोघंच होती: डॉक्टर घड्याळापाशी, लोरीन लेखणीपाशी.

दहा मिनिटं लेखणी सरळ चालली. मग एक दात आला. मग चार. मग पट्टीभर दातच दात.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि मटकन बसले. वीस वर्षांची धूळ त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली होती. वर काही नव्हतं. आपलंच दुखणारं हाड वाजावं तसे ते पत्रे वाजत होते. लोरीनला त्यांची दया आली, पण खरं सांगायचं तर तिला आत कुठेतरी हायसं वाटलं. पत्राच तो. एल्वुड मेलाय. शुक्रवारी मी खुशाल शपथ घेऊ शकते.

"लिहून घ्या," डॉक्टर म्हणाले. "दहा तीस. ठोके सुरूच."

तिने लिहिलं. आणि मान वर केली तर लेखणीने दोन दात काढले, थांबली, एक काढला, थांबली, तीन काढले.

ती लेखणीकडे बघत राहिली. पुन्हा दोन, एक, तीन. आता मधले बाकीचे दात गळून पडले होते. तेवढंच येत होतं, एकामागून एक, पुन्हापुन्हा, घाई न करता; खाडीतला माणूस वाजवतो तसं, कारण घाई केली तर धक्क्यावरच्या बाईला मोजता येत नाही. टाकी तिच्यापासून हातभर अंतरावर होती. आत हवा नव्हती. बाहेर आवाज येणं शक्यच नव्हतं. तरी तिला वाटलं, पोलादाच्या पलीकडे कुणीतरी ओलं, गारठलेलं, अंग चोरून बसलंय आणि हातातली मोगरी खाली ठेवत नाही.

दहा चाळीस. दहा पन्नास. डॉक्टर कपाळाला हात लावून बसलेले. त्यांना काही दिसतच नव्हतं. त्यांच्या लेखी सगळे दात सारखेच वाईट.

नंतर लोरीनने पुष्कळदा आठवून पाहिलं, पण आपण उठलो कधी ते तिला आठवेना. बोल्ट आवळायचा पाना टाकीवरच पडला होता. तो तिच्या हातात होता, आणि हात वाजवत होता. दोन. एक. तीन.

पोलाद घणघणलं. डॉक्टर दचकून उठले. "काय करताय!"

पट्टीवर तिचे सहा दात उमटले, मोठे, गडद. त्यांच्यापुढे लेखणी सरळ चालू लागली. एक दात नाही, थरथर नाही. दोघंही बघत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. रेघ सरळच्या सरळ.

"पत्रा पुरता आकसला असेल," अखेर डॉक्टर म्हणाले. "आता आकसायला जागा नाही, म्हणून गप्प झाला. योग्यच आहे. पण तुम्ही ठोकलंत कशाला?"

"चूक झाली, डॉक्टर."

डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने नोंदवहीत लिहिलं: दहा बावन्न. मोजणाऱ्या बाईंच्या हातून टाकीला बाहेरून धक्का. त्यानंतर ठोके बंद. खाली लोरीनने सही केली.

घरी गेली तेव्हा मिस झिल्फा मागच्या पायरीवर कालवं फोडत बसली होती. सत्तरी उलटली होती, पण सुरी अशी चालायची की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. शुक्रवारबद्दल ती लोरीनशी आजवर अवाक्षर बोलली नव्हती. हार्लन दारात आला की त्याला कॉफी द्यायची आणि स्वतः आत निघून जायची. लोरीनला वाटत होतं, म्हातारीला हे सांगावं, ती निदान रडेल, मला शिव्या देईल, आणि दोघींचं मन हलकं होईल. तिने सगळं सांगितलं. उपग्रह, सावली, टाकी, पाना. चिठ्ठीसुद्धा.

चिठ्ठीचं ऐकून म्हातारीने फक्त मान हलवली. "माहीत होतं मला. शिपाई आपल्या गावचाच होता ना."

"सात वर्षं माहीत होतं? आणि बोलला नाहीत?"

"बोलून काय तो परत येणार होता?" मिस झिल्फाने सुरी खाली ठेवली. "ते सोड. तू उत्तर दिलंस?"

"मिस झिल्फा, तो पत्रा होता. गारठून वाजत होता. डॉक्टरांनी लिहून ठेवलंय तसं."

"पत्रा होता तर हात कशाला उचललास?"

लोरीनने पायरीवरचं एक शिंपलं उचललं आणि परत ठेवलं.

"उत्तर आलं की माणूस वाजवायचं थांबवतो," म्हातारी म्हणाली. "कारण त्याला दोन्ही हातांनी वल्हं मारायचं असतं. थांबला ना तो?"

"थांबला."

"मग निघाला तो, पोरी." मिस झिल्फाचा आवाज एकदम खाली आला. तिच्या तोंडावर आनंदाचा मागमूस नव्हता. म्हातारी घाबरली होती. "मी सात वर्षं दर धुक्यात धक्क्यावर जाऊन बसते, पण घंगाळाला हात लावत नाही. का? एवढे दिवस पाण्यात राहिलेला माणूस कसा होऊन येईल, ते मला बघायचं नव्हतं. मी त्याची आई आहे, आणि मी त्याला बोलावलं नाही. तू बोलावलंस."

"आता काय करू?"

"करायचं काय? उत्तर देणारीने होडी लागेपर्यंत जागा सोडायची नसते. तू मधेच पाठ फिरवलीस तर तो कुठे लागेल, देव जाणे. कुणाच्या दारात लागेल."

गुरुवारी डॉक्टरांचा अहवाल टाइप होऊन आला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की नोंदलेले सर्व ठोके पत्रा आणि स्फटिक यांच्या आकसण्याने झाले. बाहेरून काहीही आदळल्याचा पुरावा नाही. मोजणी केली म्हणून लोरीनची सही हवी होती. तिने पहिल्यांदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, सही केली. प्रत्येक शब्द खरा होता. सही करतानाही तिचं एक लक्ष टाकीच्या यंत्राच्या लेखणीकडे होतं. पंप बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि सरळ रेघेचा कागद जमिनीवर साठत चालला होता.

शुक्रवारी हार्लन तिला न्यायला आला. अंगात लग्नाकार्याचा कोट, नखं घासून घासून लाल केलेली.

"आज हात बाहेर काढून बसणारेय मी," तो म्हणाला. "न्यायाधीशाला दिसू देत, कसा चिकणा नवरा मिळतोय तुला ते."

लोरीन हसली. हसताना तिला रडू आलं, आणि त्याला वाटलं, अशा दिवशी बायका रडतातच.

कोर्टात चार माणसं होती. न्यायाधीश वयस्क, सर्दीने बेजार. दर महिन्याला त्यांच्यापुढे अशी एखादी खाडीतली विधवा यायचीच, त्यामुळे प्रश्न त्यांना पाठ होते.

"मिसेस इन्सली, एल्वुड इन्सली यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

तिने तारीख सांगितली.

"त्यानंतर आजपर्यंत त्यांचं पत्र, निरोप, कसलीही खबर, कसलीही खूण?"

नाही, एवढा एकच शब्द. आदल्या दिवशी तिने त्याच अर्थाच्या कागदावर सही केली होती. कागदावर जे खरं होतं ते इथे बोलल्याने खोटं थोडंच होणार होतं? ती तोंड उघडायला गेली आणि तिच्या मनात आलं: नाही म्हटलं, तर मी पाठ फिरवली. तो अर्ध्या वाटेत असेल. आणि मी हार्लनच्या घरी असेन, टेबल मांडलेलं असेल, दार आतून लावलेलं असेल.

"मिसेस इन्सली?"

"खूण मिळाली," ती म्हणाली.

मागे हार्लन बसला होता तो बाक करकरला. न्यायाधीशांनी रुमाल खाली घेतला. "कसली खूण?"

"त्याच्या घरचा ठोका. मी उत्तर दिलं."

न्यायाधीश मूळचे खाडीकाठचेच असावेत. ते हसले नाहीत, आणखी काही विचारलंही नाही. मग थकल्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हाला कळतंय ना? शपथेवर तुम्ही असं म्हणालात तर मी त्यांना मृत ठरवू शकत नाही. सात वर्षं नव्याने धरावी लागतील. त्या खुणेच्या दिवसापासून."

"कळतंय, साहेब."

"कधीची खूण?" कारकुनाने लेखणी उचलत विचारलं.

"बुधवार. सकाळी दहा बावन्न."

बाहेर पायऱ्यांवर हार्लन टोपी हातात घेऊन उभा होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "सात वर्षं, लोरीन?" तो म्हणाला. "मी एकावन्नचा होईन. अजून प्रेम आहे का त्याच्यावर? असेल तर सांग, मी समजून घेईन."

"नाही, हार्लन. ते केव्हाच संपलं."

"मग कशासाठी हे?"

तिने सांगायचा प्रयत्न केला, पण उन्हात, रस्त्यावरच्या मोटारींच्या आवाजात त्यातला एकही शब्द बोलण्यासारखा वाटेना. मग हार्लनने टोपी डोक्यावर चढवली, तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं, सवयीने, आणि ती बसत नाही हे पाहून पुन्हा लावून घेतलं.

लोरीन पायीच निघाली. टाकीपाशी पोचायला तिला अर्धा तास लागणार होता, आणि आणखी तेवढा वेळ ती जागा रिकामी राहणार होती, म्हणून ती जवळजवळ पळत होती. पहिली काही वर्षं एल्वुड यावा म्हणून तिने देवाला साकडं घातलं होतं. आज त्याच्यासाठी ती धावत होती, आणि दर पावलाला मनात एकच म्हणत होती: येऊ नकोस, एल्वुड. येऊ नकोस.